डाव्या पायाचे काम

सोळा वर्षे मी तीन पेडलची गाडी चालवली आणि त्या सोळा वर्षांत क्लच म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पेडल दाबले की गिअर पडतो, हळू सोडले की गाडी हलते आणि घाईने सोडले की बंद पडते, एवढे ज्ञान रोजच्या वापराला पुरत होते. पुढे डाव्या गुडघ्याचे दुखणे वाढले, त्या पायावरचा ताण कमी करा असे डॉक्टरांनी बजावले आणि गाडी बदलण्याचा विषय निघाला. बहुतेकांनी पूर्ण ऑटोमॅटिक गाडी घ्यायला सुचवले. पण कोणता गिअर केव्हा टाकायचा हे आपण ठरवायचे, ही सवय सोडायला माझे मन तयार होईना. शेवटी मधला मार्ग म्हणून मी अशी गाडी घेतली, की जिच्यात गिअरचा दांडा नेहमीसारखा आहे, गिअर हातानेच टाकावे लागतात, पण पायाखाली फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही दोनच पेडल आहेत. ही गाडी चालवायला मला दोन दिवस लागले. समजायला मात्र वर्षाहून अधिक काळ गेला, आणि त्यातला बराचसा वेळ मी स्वतःच्याच एका सवयीचा दोष गाडीवर ढकलण्यात घालवला.

पहिली अडचण नावांची होती. ह्युंदाईने 2020 मध्ये व्हेन्यू या गाडीत क्लचपेडल नसलेला मॅन्युअल गिअरबॉक्स दिला आणि त्याला ‘आयएमटी’, म्हणजे इंटेलिजंट मॅन्युअल ट्रान्समिशन, असे नाव दिले. टोयोटाच्या काही गाड्यांतील गिअरबॉक्सचेही नाव आयएमटीच आहे. परंतु तेथे क्लचचे पेडल जागेवर असते आणि गिअर बदलताना इंजिनाचे फेरे जुळवून देण्याची मदत तेवढी यंत्रणा करते. हा फरक लक्षात न आल्यामुळे दोन संध्याकाळ मी भलत्याच यंत्राविषयी वाचत बसले होते. त्यात एएमटीची, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनची, भर पडली. एएमटीचा गिअरबॉक्स आतून साधा मॅन्युअलच असतो, पण क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही दोन्ही कामे यंत्र करते. ड्युअल क्लचच्या गाडीत विषम गिअरांना एक आणि सम गिअरांना दुसरा असे दोन क्लच असतात, तर सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. या गर्दीत माझी गाडी कोठे बसते, हे मी अखेर दोन साध्या प्रश्नांवरून ठरवले: क्लच कोण हाताळतो आणि गिअर कोण टाकतो? माझ्या गाडीत पहिल्याचे उत्तर ‘यंत्र’ आणि दुसऱ्याचे ‘मी’ असे होते. बाकी सगळी गुंतागुंत या दोघांच्या जोडकामातून निर्माण होते, हे मात्र तेव्हा कळले नव्हते.

पहिल्या आठवड्यातले प्रसंग अपेक्षेप्रमाणेच घडले. दुसऱ्याच दिवशी एका चौकात वेग कमी करताना डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला, त्याला ब्रेकचे रुंद पेडल सापडले आणि क्लच दाबतात त्या जोराने मी ते दाबले. गाडी जागच्या जागी खिळली, शेजारच्या सीटवरची पिशवी खाली आपटली आणि मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. त्यानंतर काही दिवस मी डावा पाय मुद्दाम मागे, सीटच्या कडेला टेकवून बसत असे. पायाची सवय अशी आठवड्याभरात मोडली. हाताची सवय मोडायला हवी आहे, हे मात्र कोणीच सांगितले नव्हते.

तिसऱ्या महिन्यात गाडीत एक विचित्र दोष दिसू लागला. खराब रस्त्यावर, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये संथ चाललेले असताना इंजिनाचा आवाज मध्येच क्षणभर चढायचा, फेऱ्यांचा काटा हजारभराने वर उडायचा, गाडीतला जोर गेल्यासारखा वाटायचा आणि मग हलका धक्का बसून सर्व पूर्ववत व्हायचे. गुळगुळीत रस्त्यावर हे क्वचितच होई. क्लचप्लेट घसरत असली की इंजिन ओरडते आणि गाडी मात्र पुढे जात नाही, हे मी ऐकून होते. म्हणून नव्या गाडीची क्लचप्लेट खराब निघाली असा निष्कर्ष काढून मी अधिकृत सेवाकेंद्रात तक्रार नोंदवली. त्यांनी गाडी दोनदा चालवून पाहिली, संगणक जोडून पाहिला आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिली. दुसऱ्या वेळी मी थोडी चिडले. चालवणाऱ्याला जाणवणारी गोष्ट यंत्रात नोंदली गेली नाही म्हणजे ती घडलीच नाही, असे मानणाऱ्यांशी वाद घालणे कठीण असते.

मग मी माझ्या जुन्या गाडीचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. ते मुख्यतः साध्या गिअरच्या गाड्यांचे काम करतात, त्यामुळे ही गाडी त्यांच्या आवाक्यातली नाही अशी माझी समजूत होती. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकली आणि गाडीला हात न लावता मला आत नेले. तेथे दुसऱ्या एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला होता आणि क्लचचे भाग फळीवर मांडले होते. “ताई, आधी हे बघा. तुमच्या गाडीतही हेच आहे,” असे म्हणून त्यांनी क्लचप्लेट माझ्या हातात दिली.

जेवणाच्या ताटाएवढी ती चकती अपेक्षेपेक्षा हलकी होती. दोन्ही बाजूंना करड्या, किंचित खडबडीत पदार्थाचे अस्तर रिबेटांनी बसवलेले होते, मध्यभागी दातेरी भोक होते आणि त्याभोवती चार जाड, आखूड स्प्रिंगा आडव्या बसवल्या होत्या. चकतीच्या मधल्या दात्यांतून गिअरबॉक्सचा दांडा जातो. चकतीच्या एका बाजूला इंजिनाबरोबर सतत फिरणारे फ्लायव्हील असते, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट असते आणि ती प्रेशर प्लेट चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरते. दाबून धरले की तिन्ही एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. दाब काढला की चकती मोकळी होते आणि इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे, असे दोघे सुटे होतात. हा दाब देते ती डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे पोलादाची एक पसरट वाटी, जिच्या कडेपासून मध्याकडे फुलाच्या पाकळ्यांसारख्या पट्ट्या आलेल्या असतात. मिस्त्री त्यांना ‘बोटे’ म्हणतात. ती बोटे अंगठ्याने दाबून पाहायला त्यांनी मला सांगितले. मी दोन्ही अंगठे लावून सारा भार टाकला, तरी बोटे तसूभरही हलली नाहीत. “रोज पायाने हेच दाबत होता तुम्ही, मधल्या तरफांमुळे जड लागत नव्हते एवढेच.”

त्या क्षणी एक गोष्ट स्पष्ट झाली आणि पुढचे सारे तिच्यावर उभे राहिले. क्लचची नैसर्गिक अवस्था ‘जोडलेला’ ही आहे. त्याला जोडून ठेवायला कोणाचीही गरज लागत नाही. ते काम स्प्रिंग रात्रंदिवस करते. जोर लागतो तो सोडवायला. डावा पाय सोळा वर्षे क्लच ‘लावत’ होता असे मी समजत होते. प्रत्यक्षात तो क्लच सोडवत होता आणि मग स्प्रिंग किती वेगाने परत येईल एवढे सांभाळत होता.

त्यानंतर त्यांनी माझ्या गाडीचे बॉनेट उघडले. बॅटरीच्या खालच्या बाजूला एका लहान विद्युत मोटारीला जोडलेला धातूचा ठोकळा होता. त्यातून एक नळी गिअरबॉक्सच्या पोटात शिरत होती. मोटार आतला दट्ट्या ढकलते, नळीतले तेल दाबले जाते, त्या दाबाने गिअरबॉक्सच्या आतला सिलिंडर रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो आणि बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर बसून क्लच सोडवते. साध्या गाडीतही हायड्रॉलिक क्लच असेल तर नळी, तेल, सिलिंडर आणि बेअरिंग हे सर्व असेच असते. बदल एवढाच, की दट्ट्या ढकलणाऱ्या पायाच्या जागी मोटार आली आहे आणि त्या मोटारीला हुकूम देणारा एक छोटा संगणक, ट्रान्समिशन कंट्रोल युनिट, बसवला आहे.

“पण पाय दाबायचा की नाही हे मला कळत होते. या संगणकाला कसे कळते?” मी विचारले. मिस्त्री उत्तर न देता शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “चला, जिथे आवाज येतो त्या रस्त्याला घ्या.”

उखडलेल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन मिनिटे गेलो आणि अपेक्षेप्रमाणे इंजिन ओरडले. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. ते माझ्या हाताकडे पाहत होते. माझा हात गिअरच्या दांड्यावर होता. तो नेहमीच तेथे असतो. मोकळा रस्ता असला की एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा दांड्याच्या मुठीवर, अशी माझी सोळा वर्षांची बैठक आहे. “आता तो हात मांडीवर ठेवा आणि परत त्याच रस्त्याने चला,” ते म्हणाले. आम्ही त्या रस्त्यावरून चार वेळा गेलो आणि इंजिन एकदाही ओरडले नाही. पाचव्या वेळी मी मुद्दाम हात दांड्यावर ठेवून तो किंचित मागे रेटला. फेऱ्यांचा काटा टुणकन वर गेला. सेवाकेंद्रातील मुले गाडी तपासताना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत असणार, हे तेव्हा लक्षात आले आणि त्यांच्याविषयी मनात बाळगलेला राग मुकाट्याने मागे घ्यावा लागला.

या गाडीतला गिअरचा दांडा नुसता दांडा नाही. त्याच्या बुडाशी एक सेन्सर आहे, ज्याला इंटेन्शन सेन्सर म्हणतात. चालक दांडा ढकलू किंवा ओढू लागला, की दांडा प्रत्यक्ष जागचा हलण्याच्या आतच तो जोर या सेन्सरला कळतो आणि गिअर बदलायचा मनोदय दिसताच संगणक क्लच सोडवतो. म्हणजे क्लचचे पेडल नाहीसे झालेले नसून ते दांड्याच्या मुठीत येऊन बसले आहे. नुसता हात ठेवल्याने काही बिघडत नाही, तेवढे तारतम्य यंत्रणेला आहे. परंतु खड्ड्यात गाडी आदळली की माझ्या हाताचा भार झटक्यासरशी दांड्यावर येत होता आणि संगणक तो हुकूम समजून इमानाने क्लच सोडवत होता. खरा गिअरबदल झालाच नाही असे पाहून क्षणभरात तो क्लच पुन्हा जोडत होता, आणि तोच तो धक्का.

घरी येऊन मी जुन्या गाड्यांविषयी वाचले तेव्हा समजले, की ही माझी एकटीची फजिती नव्हती. 1950 च्या दशकात जर्मनीच्या फिख्टेल आणि झाक्स या कंपनीने साक्सोमाट नावाचा क्लच काढला होता. त्यात गाडी सुरुवातीला हलवण्यासाठी फेरे वाढले की आपोआप पकडणारा केंद्रोत्सारी क्लच होता आणि गिअर बदलताना दांड्याला हात लागला की इंजिनाच्या निर्वाताच्या जोरावर मुख्य क्लच सुटत असे. सिट्रोएनने 1955 मध्ये आणलेल्या डीएस या गाडीत क्लच आणि गिअर दोन्ही हायड्रॉलिक दाबाने हलवले जात आणि चालकाने स्टिअरिंगमागचा छोटा दांडा फक्त फिरवायचा असे. पोर्शेने 1960 च्या दशकाच्या अखेरीस 911 मध्ये स्पोर्टोमॅटिक हा प्रकार दिला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे पोचवणारा भाग, होता, शिवाय दांड्यात एक नाजूक स्विच होता आणि दांड्याला जोर लागताच क्लच सुटत असे. त्या गाडीच्या मालकांनाही दांड्यावर हात विसावण्याची सवय सोडावी लागे. 1990 च्या दशकात साबने 900 या गाडीत सेन्सॉनिक नावाने पेडलविना क्लच दिला, तेव्हा निर्वाताऐवजी विद्युत मोटार आणि संगणक आला होता. सर्वांत ओळखीचे उदाहरण मात्र दुचाकीचे निघाले. होंडाची 1958 सालची सुपर कब आणि तिच्या धर्तीवरच्या असंख्य छोट्या मोटारसायकली, यांना क्लचचा लिव्हर नसतो, पण गिअर पायाने टाकावे लागतात. मी पहिली दुचाकी शिकले ती याच जातीची होती. क्लचविना गिअर टाकण्याचा अनुभव मला होता. गाडी बदलली तेव्हा तो आठवला नाही, इतकेच.

हात आवरल्यावर इंजिनाचे ओरडणे थांबले, तरी गिअर बदलताना कधी लोण्यासारखा बदल होई आणि कधी मान हलण्याइतका हिसका बसे. दोन्ही वेळा क्लच हाताळणारा एकच, संगणक. मग फरक कोठून येत होता? याचे उत्तर कागदावर आकडे मांडल्यावर मिळाले. समजा तिसऱ्या गिअरचे प्रमाण 1.3 आहे आणि चौथ्याचे 1.0 आहे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 2600 फेरे घेत असताना त्याच वेगात चौथा टाकला, तर इंजिनाचे फेरे 2000 व्हायला हवेत. क्लच सुटलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असेल तर फेरे आपोआप घसरतात आणि तेवढ्यात क्लच जोडला गेला की दोन्ही बाजूंचा वेग जवळपास जुळलेला असतो. पाय तसाच दाबून ठेवला तर फेरे उतरण्याऐवजी चढू लागतात, मग ही तफावत क्लचप्लेटला घासून मिटवावी लागते आणि तीच मानेला कळते. साध्या गाडीत क्लच दाबताना उजवा पाय आपोआप वर येत असे, कारण दोन्ही पायांची हालचाल एकत्र घटली होती. डावा पाय रिकामा झाल्यावर उजव्याची लयही बिघडली होती. दांड्याला हात लावण्याच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, गिअर पडू द्यायचा, मग पुन्हा पाय ठेवायचा, हा क्रम मी मनात मोजत आठ-दहा दिवस पाळला आणि हिसके बसेनासे झाले.

खालचा गिअर टाकताना हिशेब उलटा होतो: चौथ्यातले 2000 फेरे तिसऱ्यात 2600 व्हायला हवेत, म्हणजे क्लच सुटलेला असताना ॲक्सिलरेटरला हलकासा स्पर्श केला तर बदल अधिक सुरेख होतो. अवजड ट्रकांचे काही चालक फेरे अचूक जुळवून क्लचला पाय न लावताच गिअर बदलतात, तेही याच हिशेबावर. फक्त तो हिशेब त्यांच्या कानात असतो. क्लचपेडल असलेल्या साध्या कारमध्ये तो प्रयोग करून पाहण्याचा मोह मला झाला होता. मिस्त्रींनी टेबलाच्या खणातून एक झिजलेली पितळी सिंक्रो रिंग काढून समोर ठेवली आणि मी तो विचार सोडला. गिअरबॉक्सच्या आतले दोन भाग एका वेगाने फिरू लागावेत म्हणून ही रिंग घर्षण देते. वेग जुळवायचे काम चालकाने चुकवले की ते सारे तिच्यावर पडते.

खरी परीक्षा चढावर झाली. एका लांब चढावर वाहनांची रांग इंच इंच पुढे सरकत होती. ब्रेक लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा याचा कंटाळा येऊन मी पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरू लागले. गाडी मागे सरकत नव्हती, पुढेही जात नव्हती, आणि पाय दुखत नसल्यामुळे मला ते फार सोयीचे वाटले. पाच-सात मिनिटांनी जळके रबर आणि तापलेला तवा यांच्या मधला कसलासा वास आला, गाडी थरथरू लागली, सूचक घंटा वाजली आणि समोरच्या पडद्यावर क्लच तापल्याचा इशारा झळकला. मी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल करून थांबले.

साध्या गाडीत मी हे कधीच इतका वेळ केले नसते, कारण हाफ क्लचवर धरलेला पाय दोन मिनिटांत थकला असता. पायाचे दुखणे हीच त्या यंत्रणेतली सूचक घंटा होती आणि ती मी हौसेने काढून टाकली होती. हाफ क्लच म्हणजे चकती धड जोडलेली नाही आणि धड सुटलेलीही नाही. ती घासत फिरते. घासण्यातून किती उष्णता होते, याचा हिशेब सोपा आहे. गाडी तोलून धरायला क्लचमधून 50 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जात असेल आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या वेगात मिनिटाला 1000 फेऱ्यांचा फरक असेल, तर सुमारे 5.2 किलोवॉट उष्णता त्या ताटाएवढ्या चकतीवर तयार होते. दोन किलोवॉटचे अडीच हीटर बंद डब्यात सतत चालू ठेवावेत, तसा तो प्रकार. गाडी उभी असल्यामुळे वाराही लागत नाही. पूर्ण ऑटोमॅटिक गाडीतल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे घर्षण तेलात होते आणि तेल उष्णता वाहून नेते. माझ्या गाडीत कोरडी चकती आहे. त्या दिवसानंतर चढावर मी पुढच्या गाडीत आणि माझ्यात मुद्दाम अंतर सोडते, ब्रेकवर थांबते आणि निदान गाडीच्या लांबीएवढी जागा मोकळी झाली की एकदम हलते. मागचे लोक हॉर्न वाजवतात. त्यांची क्लचप्लेट त्यांच्यापाशी, माझी माझ्यापाशी.

उताराचाही एक धडा याच ओघात मिळाला. वेग फार कमी झाला की इंजिन बंद पडू नये म्हणून संगणक स्वतः क्लच सोडवतो. सपाटीवर ही मोठी सोय आहे. तिसऱ्या गिअरमध्ये विसरून थांबले तरी गाडी बंद पडत नाही, फक्त घंटा वाजवून खालचा गिअर टाकायला सांगते. उतारावर मात्र अगदी रांगत्या वेगात क्लच सुटला की इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी घरंगळू लागते. तेथे पाय ब्रेकवर हवाच.

दुसऱ्या वर्षी थंडीत पहिला गिअर टाकताना दात घासल्यासारखा आवाज येऊ लागला. या वेळी दोष माझ्या हाताचा नव्हता. क्लचच्या तेलाच्या भांड्यात पातळी खाली गेलेली निघाली. नळीच्या एका जोडापाशी ओल होती आणि नळीत थोडी हवा शिरली होती. तेल दबत नाही, हवा दबते. त्यामुळे मोटारीने दट्ट्या पूर्ण ढकलूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता. जोड बदलला, हवा काढली, तेल भरले, आणि एवढ्यावर काम संपले असे मला वाटले. पण त्यानंतर सेवाकेंद्रातील तंत्रज्ञाने निदानाचा संगणक जोडून गाडीला क्लचचा ‘टच पॉइंट’ नव्याने शिकवला. दट्ट्या नेमका किती सरकल्यावर चकती फ्लायव्हीलला टेकू लागते, ते ठिकाण संगणकाने लक्षात ठेवलेले असते आणि तेथपर्यंत तो क्लच झटकन आणतो, तेथून पुढे जपून. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, कोणी कशाला हात लावायचा नाही. गाडीखालून मोटारीची बारीक घरघर ऐकू येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. आणि प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज अगदी सूक्ष्म दबल्यासारखा होत होता. वाहन चालवायला शिकताना रिकाम्या मैदानावर मी हेच तासन्‌तास केले होते: पेडल हळूहळू सोडायचे, इंजिनाचा आवाज बदलला की तेथेच पाय रोखायचा. अस्तर झिजत जाते तसे हे ठिकाण सरकत जाते. संगणक चालता चालता स्वतःला जुळवून घेत राहतो, पण भाग उघडले की त्याला मुळापासून शिकवावे लागते.

याच यंत्रणेची एक बाजू मला अगदी अलीकडे, बॅटरी उतरली तेव्हा पाहायला मिळाली. गाडी हलक्या उतारावर उभी होती, तोंड उताराकडे. या गाडीला ऑटोमॅटिकसारखा पार्किंगचा गिअर नाही, म्हणून मी नेहमीप्रमाणे हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकून ठेवला होता. किल्ली फिरवली तर दिवेसुद्धा धड लागले नाहीत. शेजारी मदतीला आले आणि धक्का मारून सुरू करू म्हणाले. मला हसू आले, कारण आता ते का जमणार नाही हे मला सांगता येत होते. धक्का मारून गाडी सुरू करायची तर आधी क्लच सुटलेला ठेवून वेग घ्यावा लागतो आणि मग तो एकदम जोडावा लागतो. येथे क्लच सोडवणारा पाय विजेवर चालतो, आणि वीजच नव्हती. स्प्रिंगने क्लच घट्ट जोडून ठेवला होता. गाडीच्या पुस्तिकेतही धक्का मारायला स्पष्ट मनाई आहे.

दुसऱ्या गाडीवरून केबल जोडून सुरू करायची ठरली, पण त्यासाठी दांडा न्यूट्रलला यायला हवा, आणि तो येईना. हँडब्रेक पूर्ण ओढला गेला नव्हता, त्यामुळे गाडीचा भार रात्रभर पहिल्या गिअरच्या दात्यांवर टेकून राहिला होता आणि दांडा दगडासारखा बसला होता. मी आत बसून ब्रेक दाबला, हँडब्रेक सोडला आणि शेजाऱ्यांना गाडी पुढून, चढाच्या दिशेला, जरा रेटायला सांगितली. त्यांनी खांदा लावला तसा मी ब्रेक थोडा सैल केला; गाडी दोन बोटे मागे गेली असेल नसेल, तेवढ्यात हाताखालचा दांडा चक् असा आवाज करून न्यूट्रलमध्ये आला. विजेचा कणही नसताना तो हलला, कारण दांड्यापासून गिअरपर्यंतची केबल आणि दाते हे सर्व साध्या गाडीसारखेच आहे. मी ब्रेक पुन्हा दाबला, हँडब्रेक या वेळी शेवटच्या दातापर्यंत ओढला, केबल जोडली आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू होताच बॉनेटखालून त्या छोट्या मोटारीची ओळखीची घरघर आली.